काळी की पांढरी?

घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. पण बांधण्याआधी जागा पाहावी लागते, हे मात्र विसरतो. पूर्वी वस्ती पांढरीवर आणि शेती काळीवर, असा आपला रिवाज होता. आता सेलूसारखं गाव वाढतं ते काळीच्या अंगानं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्याबरोबर घराच्या भिंतीही तडकतात. म्हणून आधी खड्डा घेऊन पाहा, मुरूम किती खोलीवर लागतो ते.

विकणारा जागा उन्हाळ्यात दाखवील. तुम्ही श्रावणात पुन्हा जा. पाणी कुठं तुंबतं ते डोळ्यांनी पाहा. शेजारच्या जुन्या घराच्या भिंती निरखा. त्या खोटं बोलत नाहीत. शेजारणीला विचारा, मे महिन्यात विहिरीला पाणी राहतं का? विहीर आणि संडासाचा खड्डा यांत निदान 50 फूट अंतर हवं. सेलू मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावर आहे. जागा रुळांजवळ असेल तर रात्रीच्या गाडीच्या वेळीही तिथं एकदा उभे राहा, बरं का!

जन्माची पुंजी एकदाच घालायची असते. त्यासाठी एक पावसाळा थांबलात, तर काही बिघडत नाही.