चिखलातली ओढ : उजनीकाठची मोटारसायकल आणि कमी वेगाचे यंत्रशास्त्र

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय विस्ताराने मोठा असला, तरी त्याचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी एकूण साठ्यापैकी जवळजवळ ६४ टीएमसी पाणी मृतसाठा म्हणून, म्हणजे उपयुक्त पाण्याच्या हिशेबाबाहेर, धरले जाते. पातळी त्याखाली उतरली की ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे काठावरची माणसे म्हणतात, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात हा उणे आकडा साठ टक्क्यांच्या घरात पोहोचला होता. भीमेच्या खोऱ्याचा उतार सौम्य असल्यामुळे पातळी थोडी खाली गेली तरी पाण्याची कड बरीच लांब सरकते, आणि करमाळा तालुक्यातील कंदर, चिखलठाण, केत्तूर, वाशिंबे, कुगाव यांसारख्या गावांतील शेतकऱ्यांना आपल्या पाण्याच्या मोटारी, पाइप आणि केबल पाण्यामागोमाग पुढे न्याव्या लागतात. मासेमारांच्या होड्या लागण्याच्या जागाही अशाच सरकत राहतात. डांबरी रस्ता संपल्यानंतर पाण्यापर्यंतचा जो टप्पा उरतो, त्यात गाळ, मुरूम, खडकाच्या पायऱ्या आणि ओढ्यांचे जुने पात्र असे सारे काही असते, आणि हा टप्पा बहुधा मोटारसायकलवरच, कधी केबलचे वेटोळे तर कधी चिलापी मासळीने भरलेला क्रेट मागे बांधून, पार केला जातो.

रस्त्यासाठी घडवलेली १०० ते १२५ सीसीची मोटारसायकल ताशी चाळीस ते साठ किलोमीटर वेगाने, थोड्या पेट्रोलमध्ये धावावी अशा बेताने आखलेली असते. माणसाच्या चालीने, ओल्या व उंचसखल जमिनीवर, न थांबता पुढे सरकणे ही तिच्याकडून केलेली अगदी वेगळी मागणी आहे. या मागणीचा विचार करणारा एक क्रीडाप्रकार युरोपात शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेला आहे. ‘ऑब्झर्व्ह्ड ट्रायल’ म्हणजे निरीक्षकाच्या नजरेखाली दिलेली चाचणी असे त्याचे स्वरूप असून, त्यात वेगाला जवळजवळ किंमत नसते. खडक, चिखल आणि ओढे यांतून आखलेला छोटा टप्पा पाय न टेकता पार करायचा असतो. पाय एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन आणि गाडी अडली किंवा पडली तर पाच दंडगुण मिळतात, आणि ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजयी ठरतो. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल १९०९ पासून चालत आली आहे, तर या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७५ मध्ये सुरू झाली.

भारतीय वाचकाला हा प्रकार परका वाटला, तरी त्याचे एक अपत्य महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या धडधडत आले आहे. रॉयल एनफिल्ड कंपनीने बुलेटच्या नव्या नमुन्यात मागच्या चाकाला स्विंग आर्म, म्हणजे एका टोकाशी बिजागरीसारखा हलणारा आणि शॉकअपवर तोललेला दुहेरी दांडा, बसवला आणि १९४८ मध्ये तो इंग्लंडमधील कोलमोर ट्रायलमध्ये प्रथम उतरवला. त्या काळी बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे, त्यामुळे दगडावर आपटताच ते हवेत उडत असे. हलणाऱ्या दांड्यामुळे चाक जमिनीला धरून राहू लागले आणि जे चाक जमिनीवर आहे तेच गाडी ओढू शकते, हे चाचणीच्या मैदानावर सिद्ध झाले. जॉनी ब्रिटन या चालकाने १९५२ आणि १९५७ मध्ये बुलेटवरच स्कॉटिश ट्रायल जिंकली, आणि मधल्या काळात हीच गाडी मद्रासमध्ये तयार होऊ लागली.

मातीची पकड

अशा जमिनीवर इंजिन किती ताकद निर्माण करते यापेक्षा त्यातली किती ताकद माती झेलू शकते, हा प्रश्न निर्णायक ठरतो. शार्ल कुलोम या फ्रेंच अभियंत्याने १७७३ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार मातीच्या बळाचे दोन भाग पडतात : एक कणांच्या परस्परांवरील घर्षणाचा, जो वरून येणाऱ्या वजनाबरोबर वाढतो, आणि दुसरा कणांच्या आपसातील चिकटपणाचा, ज्याला संसंजन म्हणतात आणि जो वजनावर अवलंबून नसून स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. कोरड्या मुरमात किंवा वाळूत पहिला भाग प्रभावी असल्यामुळे मागच्या चाकावर वजन टाकले की पकड वाढते. पाण्याने भरलेल्या काळ्या मातीत मात्र घर्षणाचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो, कारण वाढलेले वजन कणांनी पेलण्याआधीच त्यांच्यामधील पाण्यावर पडते. मागे माणूस बसवल्याने तेथे ओढ वाढत नाही, चाक तेवढे अधिक रुतते.

दख्खनच्या काळ्या मातीचा हा स्वभाव तिच्या खनिजांत आहे. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते; त्याचे कण एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांसारखे असून पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरते, त्यामुळे माती पावसाळ्यात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. ही माती चाकाला थरावर थर चढवीत जाते आणि पुढच्या मडगार्डखालची दोन-तीन बोटांची फट भरली की चाक फिरायचेच थांबते. काठीने किंवा विळ्याने मडगार्डखालचा चिखल खरवडून काढणे हा काळ्या रानात गाडी चालवणाऱ्यांचा नित्याचा उद्योग त्यातूनच आला आहे. ट्रायलच्या गाडीत मडगार्ड टायरपासून बरेच उंच बसवलेले असते आणि टायरवरील ठोकळ्यांमध्ये रुंद खाचा सोडलेल्या असतात, म्हणजे फिरणारे चाक आपला चिखल आपणच झटकून टाकते.

हवा किती असावी

टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतो ती जागा ढोबळमानाने चाकावरील वजनाला टायरमधील हवेच्या दाबाने भागले असता मिळते. मागच्या चाकावर १०० किलो वजन आहे आणि टायरमध्ये २८ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो, हवा आहे असे धरले, तर टेकण्याची जागा साधारण ५० चौरस सेंटिमीटर भरते. हवा १८ पौंडांवर आणली तर तीच जागा ८० च्या आसपास जाते. ट्रायलचे चालक मागच्या टायरमध्ये चार-पाच पौंड इतकीच हवा ठेवतात, त्यामुळे टायर दगडाच्या कडेभोवती अक्षरशः गुंडाळला जातो. त्या टायरच्या भिंती मुद्दाम लवचीक बनवलेल्या असतात आणि मागचा टायर बहुधा ट्यूबविना बसवलेला असतो, म्हणूनच हे शक्य होते.

साध्या ट्यूबच्या टायरमध्ये इतकी हवा काढणे घातक आहे, कारण ओढ लागताच टायर रिमवरून सरकतो, त्याबरोबर ट्यूबही फिरते आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला जातो. शिवाय दगडावर आपटून रिम वाकते. त्यामुळे मालवाहू गाडीची हवा ओझे उतरवून, मर्यादेतच कमी करणे आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी पुन्हा भरणे आवश्यक असते, कारण मऊ टायर वेगात सतत दुमडत राहून तापतो. गाळाची खोलीही पाहावी लागते : कठीण मुरमावर दोन बोटे चिखल असेल, तर अरुंद टायर तो कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो आणि अधिक उपयोगी पडतो, गाळ खोल असेल तेव्हाच पसरट, मऊ टायरचा लाभ मिळतो.

ओढ आणि वेग

इंजिनाची फिरवण्याची ताकद गिअर आणि चेन यांच्यामार्फत वाढत जाऊन मागच्या चाकाला मिळते. १०० सीसीच्या नेहमीच्या गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाचे सुमारे पस्तीस ते चाळीस फेरे झाल्यावर मागचे चाक एकदा फिरते. हे प्रमाण वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग चेनसेटमधून जातो. पुढचे चक्र १४ दातांचे आणि मागचे ४४ दातांचे असेल, तर पुढे एक दात कमी करून १३ दातांचे चक्र बसवल्याने ओढ जवळजवळ पावणेआठ टक्क्यांनी वाढते. तेवढाच परिणाम मागच्या चक्रातून साधायचा असेल तर तीन-चार दात वाढवावे लागतात. पुढचे लहान चक्र स्वस्त पडते खरे, पण त्याभोवती चेनच्या प्रत्येक कडीला अधिक वळावे लागते, त्यामुळे चेन लवकर झिजते. मागचे मोठे चक्र महाग असले तरी चेनला सोसवते, मात्र त्यासाठी चेनही लांब घ्यावी लागते. कोणताही मार्ग घेतला तरी वाढलेल्या ओढीची किंमत वेगात चुकवावी लागते, आणि डांबरी रस्त्याने टेंभुर्णी गावच्या बाजाराला जाताना हीच गाडी त्याच वेगासाठी अधिक फेरे घेते व अधिक पेट्रोल पिते. १९६० च्या सुमारास होंडाने आपल्या छोट्या गाडीच्या एका रानवाटेच्या आवृत्तीत मागच्या चाकाला रस्त्यासाठी लहान आणि चढासाठी मोठे अशी दोन चक्रे दिली होती, त्यामागे हीच अडचण होती.

ओढीइतकेच महत्त्व ती किती सावकाश मिळते याला आहे. इंजिनाच्या दांड्यावर बसवलेले जड चाक, ज्याला फ्लायव्हील म्हणतात, स्फोटाच्या क्षणी मिळालेली ऊर्जा साठवते आणि पुढचा स्फोट होईपर्यंत इंजिन फिरते ठेवते. ही साठवण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे फेरे निम्मे झाले की साठा चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच मंद गतीत इंजिन बंद पडू नये यासाठी ट्रायलचे चालक फ्लायव्हीलला जादा वजन जोडतात. जुन्या बुलेटचे फ्लायव्हील जड असल्यामुळे ती अगदी कमी फेऱ्यांतही चालत राहते, तर हलक्या फ्लायव्हीलची गाडी ॲक्सिलरेटर जरासा वाढवताच उसळते आणि चाक जागच्या जागी फिरून आपल्यासाठी खड्डा खणते. अशा गाडीत क्लच अर्धवट धरून ओढ सोडावी लागते. त्यात क्लच प्लेटा घासून ऑइल तापते, आणि वारा न लागणाऱ्या मंद गतीत, चिखलाने लिंपलेल्या इंजिनाच्या पंखांतून ही उष्णता बाहेर पडत नाही. पंखांमधला वाळलेला चिखल काढणे हे म्हणूनच इंजिन थंड राखण्याचे काम ठरते.

वजनाच्या बाबतीत मात्र ट्रायलची गाडी आणि कष्टाची गाडी यांची तुलनाच होत नाही. आजची ट्रायल मोटारसायकल सुमारे ७० किलोची असते, बसायला सीटही नसते आणि चालक पायदांड्यांवर उभा राहून गाडी आपल्या खाली डावी-उजवीकडे कलू देतो. ११० किलोच्या गाडीला दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले ४० लिटरचे कॅन लावले, तर तिचे ओझे ऐंशी किलोंहून अधिक वाढते आणि तेही मागे व उंचावर. चढावर तिचे पुढचे चाक हलके होऊन हँडल दिशा देईनासे होते. ओझे शक्य तितके खाली आणि पुढे बांधणे, तसेच वजनाची जुळणी दोन्ही बाजूंना सारखी ठेवणे, हा बदल पैशावाचून होणारा आहे.

पाण्यानंतरची निगा

पाण्याकाठच्या गाडीचे आयुष्य बिघाडानंतरच्या दुरुस्तीपेक्षा फेरीनंतरच्या निगेवर अधिक ठरते. ब्रेक लावून तापलेला चाकाचा हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते; त्याबरोबर गेलेला बारीक गाळ ग्रीसमध्ये मिसळून बेअरिंग आतून घासतो. पाण्यात शिरण्याआधी हब निवू देणे आणि चाक हाताने हलवून बेअरिंगचा खुळखुळा वेळोवेळी तपासणे हे त्यावरचे उपाय आहेत. ड्रम ब्रेक ओले झाले की पकडत नाहीत, म्हणून बाहेर आल्यावर काही अंतर ब्रेक हलके दाबून चालवल्यास ते आपल्याच उष्णतेने वाळतात.

चिखलाने माखलेल्या चेनवर थेट ऑइल ओतल्यास त्याचा आणि मातीचा मिळून घासणारा लेप तयार होतो; आधी ब्रश व रॉकेलने चेन धुऊन, पुसून, मगच तिच्या आतल्या बाजूने ऑइल द्यावे लागते. उन्हाळ्यात वाळलेल्या गाळाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तिच्यातील कठीण कण पिस्टनच्या रिंगा झिजवतात, म्हणून एअर फिल्टर रस्त्यावरच्या गाडीपेक्षा पुष्कळ लवकर साफ करावा लागतो.

सर्वांत मोठा धोका मात्र इंजिनात पाणी ओढले जाण्याचा असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली किंवा बटण दाबले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी आधी बाहेर काढून, प्लग सोडून, किकने पाणी बाहेर टाकणे हा एकच सुरक्षित क्रम आहे, आणि त्यानंतर ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवणे म्हणजे बेअरिंगची नासाडी करणे होय.

बदलांचा क्रम

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सायलेन्सर कापणे, सांगाडा वेल्डिंग करून वाढवणे किंवा इंजिन बदलणे हे त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहेच, शिवाय वर पाहिलेल्या कारणांनी ते फारसे उपयोगाचेही नाही, कारण ओल्या काळ्या मातीत अडचण इंजिनाच्या ताकदीची नसते. हवेचा दाब मोजण्याचे साधन आणि हातपंप, ओझ्याची नीट बांधणी, मडगार्डखालची मोकळी फट, खाचांचे योग्य टायर आणि सर्वांत शेवटी चेनसेटमधील एखाद्या दाताचा फरक असा बदलांचा क्रम ठेवता येतो. त्यातली पहिली पायरी स्वस्त असूनही चिखलातल्या पकडीत सर्वांत मोठा फरक तीच घडवते, आणि रस्त्यावर परतताना ती क्षणात मागेही घेता येते.