टी.व्ही.च्या खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचे चित्र

मोहने येथे टी.व्ही. आणि मोबाईल विकणाऱ्या आमच्या एका स्नेह्याच्या दुकानात मध्यंतरी एक तंटा उभा राहिला. २००९ साली बंद पडलेल्या एन.आर.सी. कारखान्यात उमेद घालवलेल्या एका बुजुर्गांनी त्यांच्याकडून मोठा टी.व्ही. नेला होता. आठ दिवसांत ते परत आले. म्हणाले, "बेटा, संच झकास आहे, पण यावर पिक्चर पिक्चरसारखा दिसत नाही. सीरियलसारखा दिसतो." दुकानदार म्हणाले, "चाचा, उलट हा जास्त साफ दिसतो. खोक्यावर १२० लिहिले आहे." कंपनीचा मेकॅनिक येऊन गेला, त्याने दोष नाही असे लिहून दिले. चाचांचे समाधान होईना. शेवटी संच परत घ्यावा लागला आणि खोके फोडलेला माल म्हणून तो पडत्या भावात काढावा लागला. गंमत अशी की, चाचांची तक्रार खरी होती आणि मेकॅनिकचा शेराही खरा होता. हे कसे, ते आमच्या व्यापारी बांधवांनी समजून घेणे फायद्याचे आहे.

सिनेमाच्या पडद्यावर काहीही हलत नसते. एकामागून एक स्थिर फोटो दाखवले जातात आणि आपला डोळा व मेंदू त्यांची हालचाल बनवतात. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचे चित्रपट प्रथम दाखवले गेले, तेव्हा सेकंदाला सुमारे १६ फोटो जात. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई, त्यामुळे वेग कमीजास्त झाला तरी चालून जाई. बोलपट आल्यावर हे चालेना. आवाजाची पट्टी त्याच फिल्मच्या कडेला छापलेली असते. वेग बदलला की गवयाचा गळा बदलतो! म्हणून १९३० च्या सुमारास सेकंदाला २४ चित्रे हा वेग जगभर ठरून गेला. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला, तो याच नव्या जमान्याचा.

२४ च का? त्यात कसलीही जादू नाही, हिशेब आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे बसतात. सेकंदाला २४ म्हणजे मिनिटाला ९० फूट आणि अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म. वेग दुप्पट केला तर सत्तावीस हजार फूट. फिल्म, धुलाई, छपाई, वाहतूक, सगळेच दुप्पट. आवाज नीट येईल आणि खर्चही झेपेल, असा हा वेग होता. त्यात चित्र लुकलुके, म्हणून प्रोजेक्टरमधील फिरत्या पात्याने प्रत्येक चित्र दोनदा झळकवायचे, अशी तोड निघाली. म्हणजे चित्रे २४, झळका ४८. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याच्याशीच काम आहे.

भिवंडीच्या मागवाल्यांना आम्ही वेगळ्या भाषेत सांगू. सेकंदाला किती चित्रे, हे इंचाला किती पिक विचारण्यासारखे आहे. पिक वाढवले की कापड घट्ट होते, सूतही जास्त लागते. पण म्हणून मलमलीपेक्षा कॅनव्हास उंची ठरत नाही. ज्याला जे हवे ते.

चित्रे वाढवण्याची हौस जुनीच आहे. अमेरिकेतील डग्लस ट्रम्बुल यांनी ७० मिलिमीटर फिल्मवर सेकंदाला ६० चित्रांची 'शोस्कॅन' पद्धत काढली होती. चित्र विलक्षण जिवंत दिसे, पण एवढी फिल्म जाळणार कोण? फिल्म जाऊन संगणकाच्या फाईली आल्या तेव्हा ही अडचण संपली. डिसेंबर २०१२ मध्ये पीटर जॅक्सन यांचा 'हॉबिट' सेकंदाला ४८ चित्रांनी आला. २०१६ मध्ये आंग ली यांनी 'बिली लिन' १२० चित्रांनी काढला, पण तो पूर्ण स्वरूपात दाखवू शकतील अशी चित्रगृहे साऱ्या जगात पाचच्या आसपास निघाली. २०१९ चा त्यांचा 'जेमिनी मॅन'ही १२० चाच, तोही धंद्यात आपटला. २०२२ च्या 'अवतार'च्या दुसऱ्या भागात जेम्स कॅमेरॉन यांनी शहाणपणा केला. ४८ चा वेग पाण्यातील व धावपळीच्या प्रसंगांपुरता ठेवला आणि बाकीच्या ठिकाणी तेच चित्र दोनदा दाखवून २४ चाच परिणाम राखला.

'हॉबिट' पाहून अनेक प्रेक्षकांची तक्रार काय होती? हीच, मोहन्याच्या चाचांची. चित्र टी.व्ही. सीरियलसारखे दिसते, सेट लाकडाचा वाटतो, चेहऱ्यावरचा रंग कळून येतो. २४ च्या वेगात हलणाऱ्या वस्तूला जी किंचित धूसर शेपूट येते, ती ४८ मध्ये बरीच कमी होते. त्यात सवयीचाही भाग आहे. व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेल्या सीरियली आणि क्रिकेट सेकंदाला ५० वेळा टिपलेल्या चित्रांनी आपण वर्षानुवर्षे पाहिले. तसे गुळगुळीत चित्र दिसले की डोळा समजतो, ही बातमी आहे किंवा सामना आहे. शेपूट असलेले चित्र दिसले की समजतो, ही कहाणी आहे.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे येऊ. टी.व्ही.चा काचेचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो, तो आकडा हर्ट्‌झमध्ये सांगतात. मात्र हा झळकांचा हिशेब आहे, चित्रांचा नव्हे. चित्रपट २४ चाच येतो. मग उरलेल्या जागा कशाने भरायच्या? एक रीत सरळ आहे, तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवायचे. यात १२० चा पडदा खरोखर कामाचा ठरतो, कारण २४ पंचे १२०, प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा. ६० च्या पडद्यावर हा भाग जात नाही. एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असे करावे लागते आणि कॅमेरा हळूहळू बाजूला सरकताना दृश्य किंचित अडखळते.

दुसरी रीत अशी की, संच दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रे स्वतःच्या मनाने रचतो. सोनीत याला मोशनफ्लो, एल.जी.त ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस म्हणतात. कित्येक संचांत ही सोय कारखान्यातूनच चालू असते. आमच्या मते ही कापडाला दिलेली खळ आहे. हाताला कापड घट्ट लागते, पण ताण्यात सूत वाढलेले नसते. हात वेगाने फिरला किंवा जाळीमागून माणूस गेला की रचलेले चित्र फाटते, कडा थरथरतात. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वरी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली होती. २०१९ मध्ये काही कंपन्यांनी मिळून 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. त्यात ही खळ आपोआप निघून जाते.

काही खोक्यांवर 'मोशन रेट १२०' असे मोठ्या अक्षरांत असते आणि आतला पडदा ६० हर्ट्‌झचाच निघतो. दुकानदाराने हा आकडा गिऱ्हाइकाला १२० हर्ट्‌झ म्हणून सांगितला, तर माप चुकले असे आम्ही म्हणू, मग ते अजाणता का असेना. पडद्याचा खरा आकडा तपशिलाच्या तक्त्यात 'रिफ्रेश रेट' किंवा 'नेटिव्ह' या शब्दापुढे असतो.

फाईलींच्या जमान्याची झळ कोणाला लागली, हेही नोंदवले पाहिजे. २००५ च्या सुमारास यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रगृहात उतरवायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत फिल्मची पेटी जवळजवळ नाहीशी झाली. कार्बनची कांडी जुळवणारा, तुटलेली फिल्म अंधारात चिकटवणारा, रीळ बदलल्याचे प्रेक्षकांना कळू न देणारा ऑपरेटर कामावेगळा झाला. महाराष्ट्रातील जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू सिनेमाची ही हकिगत शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या २०१६ च्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात आहे. त्यातील प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक कारागिराने पाहावा असा आहे. हातात हुनर पुरेपूर, पण दुरुस्तीला यंत्रच येत नाही.

टी.व्ही. विकणाऱ्यांचे काम त्या मानाने सोपे आहे. संच लावून देताना रिमोटवरून ही सोय कोठे आहे ते दाखवावे, एकदा चालू आणि एकदा बंद करून तोच प्रसंग दोनदा लावावा. चित्रपटाच्या शेवटी वर सरकणारी नावे आणि बाजूला फिरणारा कॅमेरा, एवढ्यात फरक कळतो. क्रिकेट आवडणाऱ्याने ती हवी तर चालू ठेवावी, चित्रपट पाहताना बंद करावी. आमच्या स्नेह्यांनी आता असाच शिरस्ता ठेवला आहे आणि खोक्यावर पडद्याचा खरा आकडा पेनाने लिहितात. चाचांना त्यांनी मागाहून बोलावून ती खूण दाखवली. चाचांनी दुसऱ्या कंपनीचा संच नेला, घरी जाऊन सोय बंद केली आणि परत आले नाहीत.