परगावची स्थावर खरेदी

आपण राहत नाही अशा गावातील वा शहरातील घर, गाळा, भूखंड किंवा जमीन विकत घेणे म्हणजे परगावची स्थावर खरेदी होय. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्याने गावी घर बांधणे, पुण्यातील नोकरदाराने कोल्हापुरात सदनिका घेणे, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने कोकणात आंब्याची बाग घेणे, परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने आईवडिलांच्या शेजारचा फ्लॅट घेणे, ही सारी तिचीच रूपे आहेत. कायदा गावातील आणि परगावच्या खरेदीदारात भेद करीत नाही. फरक पडतो तो माहितीत. घराचा वाद कोर्टात आहे, विकणाऱ्याच्या बहिणींनी सही दिलेली नाही, पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागते, या गोष्टी गल्लीत राहणाऱ्याला न विचारता कळतात. परगावच्या माणसाला त्या मुद्दाम शोधाव्या लागतात.

शाहूपुरीचे उदाहरण

कोल्हापुरातील शाहूपुरी हा भाग या विषयासाठी उद्बोधक आहे, कारण तो वसला तोच व्यापारासाठी. रेल्वे १८९१ मध्ये कोल्हापुरास पोहोचली. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतल्यानंतर राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये ही पेठ वसविली. गूळ हा तिचा मुख्य माल. परगावाहून आलेली व्यापारी घराणीही येथे स्थिरावली. आज रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बस स्थानक यांच्या सान्निध्यामुळे येथील गाळ्यांना व सदनिकांना बाहेरून मागणी असते.

मात्र शाहूपुरी सर्वत्र सारखी उंच नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचे पाणी नदीत उतरत नाही. ते मागे सरते आणि शहराच्या सखल भागात पसरते. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत ती ५५ फुटांच्या वर गेली व कुंभार गल्लीसह शाहूपुरीच्या सखल भागांत पाणी शिरले. २००५ चा पूरही जुन्या रहिवाशांच्या स्मरणात आहे. जानेवारीत येऊन, रंग दिलेल्या भिंती पाहून गेलेल्या खरेदीदाराला यातले काहीच दिसत नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराला 'पाणी कुठवर आले होते?' असे विचारले तर तो भिंतीवर हात ठेवून दाखवितो.

या माहितीचा अधिकृत आधार म्हणजे जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, असा हा संकेत आहे. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या व लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र समजला जातो. येथे 'सरासरी' हा शब्द फसवा आहे. शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला म्हणून पुढली नव्व्याण्णव वर्षे तो येणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, एवढेच त्यातून सूचित होते. भूखंड कोणत्या पट्ट्यात पडतो हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडील झोन दाखला व भाग नकाशा यांवरून कळू शकते.

विक्रेत्याने हे सांगायला नको होते काय, असा प्रश्न साहजिक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याने मालमत्तेतील महत्त्वाचे दोष उघड करावयाचे असतात. पण ते दोष खरेदीदाराला ठाऊक नसलेले आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला सापडू न शकणारे असावे लागतात. जे चौकशीने कळले असते, त्याचा भार खरेदीदारावर येतो. 'मी दूर राहतो' ही सबब येथे फारशी उपयोगी पडत नाही.

ताबा आणि गृहीत ज्ञान

याच अधिनियमाच्या कलम ३ मधील एक स्पष्टीकरण परगावच्या खरेदीदाराने विशेष लक्षात घ्यावे. मालमत्ता प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे, त्याचा जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला माहीत होता असे कायदा गृहीत धरतो. घरात जुना भाडेकरू राहत असेल, मागील खोलीत विक्रेत्याचा चुलतभाऊ वाटणीचा हक्क सांगत असेल, किंवा यापूर्वीच करार करून कुणी ताबा घेतलेला असेल, तर 'मला कल्पना नव्हती' हे म्हणणे टिकत नाही. नोंदणीकृत दस्तासही असेच गृहीतक लागू आहे. म्हणजे खरेदीदार जागेवर गेला होता आणि नोंदणी कार्यालयातही गेला होता, असे धरूनच न्यायालय विचार करते. तो खरोखर गेला होता की नाही, हा त्याचा प्रश्न.

म्हणून जागेची भेट ही औपचारिकता समजू नये. एकदा दलालाबरोबर आणि एकदा त्याच्याविना, एकदा उन्हाळ्यात आणि जमल्यास एकदा भर पावसात, अशी पाहणी करणे हिताचे असते. दारावरची पाटी, विजेच्या मीटरवरचे नाव आणि घरफाळ्याच्या पावतीवरचे नाव (मालमत्ता कराला कोल्हापुरात आजही घरफाळाच म्हणतात) ही तिन्ही विक्रेत्याच्या नावाशी जुळतात का, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. जुन्या दानपत्रांत दिलेल्या भूमीच्या चारही दिशांच्या सीमा सांगण्याची रीत होती. आजच्या खरेदीखतातही 'चतुःसीमा' लिहिल्या जातात, पण त्या पुष्कळदा मागील दस्तावरून उतरवून घेतलेल्या असतात. पूर्वेस ज्यांचे घर म्हणून लिहिले आहे ते गृहस्थ तीस वर्षांपूर्वी घर विकून गेलेले असतात. चतुःसीमा वाचाव्यात त्या जागेवर उभे राहून. भूखंड वा जमीन असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून नकाशाची 'क' प्रत घ्यावी.

कागदपत्रांची मर्यादा

सातबारा, आठ-अ, मालमत्ता पत्रक व फेरफार आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात, आणि प्रलंबित फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावर दिसते. दूरच्या खरेदीदाराची यामुळे मोठी सोय झाली. त्याचबरोबर एक गैरसमजही बळावला. हे महसुली अभिलेख आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे त्यांतील नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, पण त्या मालकी निर्माण करीत नाहीत. नोंदणी अधिनियम, १९०८ खाली होणारी नोंदणीही दस्ताची असते, मालकीची हमी नसते. विक्रेत्याला जेवढा हक्क होता तेवढाच खरेदीदाराकडे येतो.

त्यामुळे साधारणतः ३० वर्षांचा शोध स्थानिक वकिलाकडून घेण्याची प्रथा आहे. त्यात सूची क्रमांक २ मधील नोंदी, जुनी खरेदीखते, गहाणखते व बक्षीसपत्रे तपासली जातात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीचे काही कागद मोडी लिपीत असतात, तेव्हा जुन्या वाड्याच्या बाबतीत मोडी वाचकाची गरज पडू शकते. मालमत्ता पत्रकावरील सत्ताप्रकाराचा रकाना आणि सातबारावरील भोगवटादाराचा वर्ग हेही आवर्जून पाहावेत. भोगवटादार वर्ग २ ची जमीन पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही.

वारसांचा प्रश्न सर्वांत नाजूक. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायिकाचा हक्क मिळाला. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणी ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही वडिलार्जित घराच्या पत्रकावर केवळ भावांची नावे असल्याचे आजही आढळते. बहिणी सासरी, दुसऱ्या तालुक्यात असतात. त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर स्वस्तात मिळालेले घर पुढे वाटणीच्या दाव्यात सापडू शकते. व्यवहारापूर्वीची जाहीर नोटीस मालमत्ता जेथे आहे तेथील दैनिकात द्यावी. कोल्हापूरच्या घराची नोटीस मुंबईच्या वृत्तपत्रात दिल्याने ती ज्यांनी वाचायला हवी त्यांच्या नजरेस पडत नाही.

मुखत्यारपत्र

दूरच्या व्यवहारात मुखत्यारपत्र जवळजवळ अपरिहार्य असते. मात्र मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे. सूरज लॅम्प प्रकरणी ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ मुखत्यारपत्र, विक्रीकरार व मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. विक्रेत्याच्या वतीने मुखत्यार सही करणार असेल, तर मूळ मालक हयात असल्याची खात्री त्याच्याशी प्रत्यक्ष वा दूरदृश्य संवाद साधून करावी. सर्वसाधारणपणे देणाऱ्याच्या मृत्यूने मुखत्याराचा अधिकार संपतो. आपण स्वतः कुणाला मुखत्यारपत्र देत असू तर ते एका मालमत्तेपुरते आणि नेमक्या कामापुरते असावे. 'सर्व प्रकारचे सर्व अधिकार' हा मसुदा लिहिणाऱ्याला सोपा असला तरी देणाऱ्याच्या हिताचा नाही. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील नोटरी वा भारतीय वकिलातीसमोर प्रमाणित करून घेतात; ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

शेतजमीन आणि जिल्ह्याची हद्द

जिल्हा वा राज्य ओलांडले की नियमही बदलतात. महाराष्ट्रात कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. यावर तोडगा म्हणून गावातील ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावे जमीन घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे असा व्यवहार बेनामी ठरू शकतो; १९८८ चा कायदा २०१६ च्या दुरुस्तीनंतर कडक झाला असून त्यात मालमत्ता जप्त होते आणि कारावासही होऊ शकतो. शिवाय ज्याच्या नावे जमीन आहे तो बदलला, तर दाद मागण्याची सोयही उरत नाही.

कोकणातील सातबारावर सामाईक नावांची लांबलचक रांग असते, आणि त्यांतील निम्मे मुंबईत असतात. किनाऱ्यालगत सागरी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. आंबोली, चौकूळ व गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न दीर्घकाळ गाजला आहे. थंड हवेच्या मोहात पडून तेथे भूखंड पाहणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा. गोव्यात सातबाराऐवजी नमुना १ व १४ असतो आणि पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे विवाहित विक्रेत्याच्या जोडीदाराची संमती अत्यावश्यक ठरते. कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यांवरील बंधन काढून टाकले, त्यामुळे बेळगाव भागातील नियम कोल्हापूरपेक्षा वेगळे आहेत.

बांधकाम चालू असलेले प्रकल्प

येथे २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम आणि महारेरा यांचा आधार आहे. प्रकल्प नोंदणीकृत असल्यास त्याची मंजुरी, प्रगती व दावे संकेतस्थळावर पाहता येतात. करार नोंदविण्यापूर्वी विकासक किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, आणि ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेचा ७० टक्के भाग त्याला स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. कोल्हापूरसारख्या शहरात जुने घर पाडून उभ्या राहणाऱ्या लहान इमारती पुष्कळ असतात व त्या या सवलतीत बसू शकतात. तेथे बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र खरेदीदाराने स्वतःच तपासावे.

परदेशस्थ खरेदीदार

अनिवासी भारतीय नागरिकास व परदेशस्थ भारतीय कार्डधारकास निवासी व व्यापारी मालमत्ता घेता येते. शेतजमीन, मळे व फार्महाऊस मात्र खरेदी करता येत नाही. रक्कम बँकेमार्फतच द्यावी लागते. उलट बाजूही ध्यानात घ्यावी: विक्रेता अनिवासी असेल तर आयकर कपातीचा नियम निराळा असतो. निवासी विक्रेत्यास ५० लाख रुपये वा त्याहून अधिक मोबदला देताना १ टक्का कर कापतात; अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत ही मर्यादा लागू नसते आणि कपातीचा दरही बराच जास्त असतो. ती न केल्यास जबाबदारी खरेदीदाराची.

खरेदीनंतर

खरेदीखत नोंदले गेल्यावर नाव तीन ठिकाणी वेगवेगळे लावावे लागते: नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रकावर, महापालिकेच्या घरफाळा विभागात आणि वीज कंपनीकडे. एका ठिकाणी नाव बदलले म्हणजे सगळीकडे बदलले असे समजून परगावी परतलेल्या मालकाच्या घरफाळ्याची बिले मग वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावे निघत राहतात.

मोकळा भूखंड कुंपणाविना सोडू नये. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे दुसऱ्याने मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे आणि अखंड १२ वर्षे ताबा ठेवल्यास मालकाचा हक्कच संपुष्टात येऊ शकतो. बेकायदा ताबा काढून घेतला गेल्यास मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागण्याचा एक जलद मार्ग विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ मध्ये आहे, पण त्याची मुदत केवळ सहा महिने आहे. वर्षातून एकदा गणपतीला गावी येणाऱ्याच्या हातून ती सहज निसटते. घर भाड्याने दिल्यास लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.