चंदीगडचे सेक्टर आणि दादाचा पेपर

माझा दादा चंदीगडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ हा विषय राहिला. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो पुन्हा परीक्षेला बसण्याची तयारी करत होता. मी सहज विचारले, “दादा, क्लास म्हणजे काय रे?” त्याने पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. मी म्हणालो, “मला नाही कळलं.” थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, “मलाही कळलेलं नाही. नुसतं पाठ केलंय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलवरून शहर पाहिले. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने आखलेल्या या शहराचे सेक्टर आहेत. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. प्रत्येकाला क्रमांक, भोवती मोठे रस्ते, मध्ये बाजार, बाग आणि शाळा. दादा अचानक थांबला. म्हणाला, “कागदावरचा सेक्टरचा आराखडा म्हणजे क्लास. आणि आपण उभे आहोत तो सेक्टर २२ म्हणजे ऑब्जेक्ट!” आराखडा एकच, पण त्यावरून सेक्टर कितीही बांधता येतात. प्रत्येकाचा क्रमांक आणि माणसे वेगळी.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. मूळ आखणीत सेक्टरमधल्या घरांची दारे वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर उघडत नाहीत. ठरावीक ठिकाणांहूनच आत जाता येते. क्लासमधली माहितीही अशीच आत ठेवतात आणि ठरावीक फंक्शनमधूनच तिला हात लावू देतात. यालाच एन्कॅप्सुलेशन म्हणतात. त्यामुळे बाहेरून कोणी चुकून माहिती बिघडवू शकत नाही.

सेक्टर १७ हे शहराचे मुख्य व्यापारी केंद्र. तोही सेक्टरच, त्यालाही क्रमांक आणि भोवती रस्ते आहेत. पण आत घरांऐवजी दुकाने, कार्यालये आणि पायी फिरण्याचा मोठा चौक. म्हणजे मूळ क्लासकडून बरेच काही वारशाने घ्यायचे आणि हवे तेवढे बदलायचे. हे झाले इनहेरिटन्स.

पॉलिमॉर्फिझम मात्र मी दादाला सांगितले. आपल्याकडे पहाटे बिगुल एकच वाजतो. कॅडेट पी.टी.साठी पळतात, मेसमधले काका चहा ठेवतात, ड्यूटी कॅडेट हजेरीची वही घेतो. हुकूम एक, पण ज्याने त्याने आपापले काम करायचे.

रात्री दादाने सी प्लस प्लसमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. सगळे सेक्टर एका यादीत ठेवून प्रत्येकाला विचारले, “तुझ्यात काय आहे?” सेक्टर १७ नेही उत्तर दिले, “घरे”! खूप शोधल्यावर चूक सापडली. मूळ क्लासमधल्या फंक्शनपुढे ‘व्हर्च्युअल’ हा शब्द राहिला होता. तो नसेल तर यादीतून विचारताना मूळ क्लासचेच उत्तर मिळते. शब्द लिहिला आणि “दुकाने” असे उत्तर आले. दादा म्हणाला, “परीक्षेत माझं हेच चुकलं होतं. व्हर्च्युअलची व्याख्या मात्र बरोबर लिहिली होती.”

ही पद्धत नवी नाही. नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आणले. खऱ्या जगातल्या गोष्टी संगणकात जशाच्या तशा मांडून पाहता याव्यात, हा त्यांचा हेतू होता. त्यावरूनच ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी प्लस प्लसचे काम सुरू केले. म्हणजे हा विषय मुळात आजूबाजूला बघूनच जन्मला; आपण तो डोळे मिटून पाठ करतो!

दादाने परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे. पण मी शाळेत परतल्यापासून एक सवय लावून घेतली आहे. प्रेपमध्ये धडा संपला की तो शेजारच्या मित्राला पुस्तक न उघडता समजावून सांगायचा. मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. जिथे आपण अडखळतो, तिथेच आपले शिकायचे राहिलेले असते.