पट्टा बदला, पण आधी चित्र काढा!

जुन्या गाडीच्या बॉनेटखालून 'चीं चीं' ऐकू येते? सर्पेंटाइन बेल्ट तपासा. हा एकच पट्टा अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंग, एसी आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही फिरवतो. तो तुटला की चार्जिंग बंद, स्टिअरिंग जड, इंजिन गरम. घाटात असाल तर वाटच लागली!

इंजिन थंड होऊ द्या, चावी खिशात ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आधी पट्ट्याच्या वाटेचं चित्र काढा; मी आळस केला आणि तासभर डोकं खाजवत बसलो! पान्याने टेन्शनर फिरवून पट्टा सैल करा, काढा. टेन्शनरची पुली हाताने फिरवा; खरखरली तर बेअरिंग गेलं समजा. नवा पट्टा चित्राप्रमाणे घाला, टेन्शनर हळूच सोडा. एकही खाच पुलीबाहेर राहिली, तर नवा पट्टाही फाटेल.