‘सी’ आणि ‘रस्ट’ : जुनी भाषा, नवी भाषा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भाषांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु नवी भाषा आली की जुनी जाते, की दोन्ही शेजारी नांदतात, हा प्रश्न आपल्याला परका नाही. शिवाय त्यात आपल्या सर्वांची सुरक्षितता गुंतलेली आहे.

‘सी’ ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केली. १९७३ मध्ये संगणकाचा कारभार पाहणारी ‘युनिक्स’ ही प्रणाली तिच्यात नव्याने लिहिली गेली. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स’चा गाभाही तिच्यातच लिहिला गेला. संगणकाच्या स्मृतीला, म्हणजे मेमरीला, ती थेट हात घालू देते. म्हणून ती वेगवान आहे. तिचा दोषही तोच. किती जागा वाचायची, वापरलेली जागा केव्हा मोकळी करायची, हे सारे लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर सोपवलेले असते.

ही दक्षता सुटली तर काय होते? इंटरनेटवरील गुप्त संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मध्ये २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. समोरच्याने चार अक्षरे पाठवून ‘माझी चौसष्ट हजार अक्षरे परत कर’ म्हटले, तर संगणक खातरजमा न करता स्मृतीतील शेजारचा मजकूरही देऊन टाकी. त्यात लोकांचे पासवर्डही असू शकत. आपल्याकडे दुरुस्त होणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीविषयक चुकांतून येतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले.

‘रस्ट’ची सुरुवात २००६ मध्ये ग्रेडन होअर यांनी केली, तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. तिचा नियम वाचनालयाच्या उदाहरणाने समजेल. ग्रंथाचा मालक एकच. टेबलावरचा उघडा ग्रंथ एका वेळी अनेकांनी वाचावा. पण त्यात दुरुस्ती करायची असेल, तर तेवढा वेळ तो एकाच्याच हाती हवा. स्मृतीतील मजकुराला रस्ट हाच नियम लावते. नियम मोडला, तर आज्ञावली चालू होण्यापूर्वीच तिचा कंपायलर ती नाकारतो. अपवाद करायचा असल्यास तसे स्पष्ट लिहावे लागते.

मग ‘सी’चे दिवस भरले काय? मला तसे वाटत नाही. लिनक्सच्या गाभ्यातच तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांतील बहुतेक ‘सी’च्या आहेत. वर्षानुवर्षे तावूनसुलाखून निघालेले हे लेखन पुसून पुन्हा लिहायचे, तर जुन्या चुकांबरोबर नव्या चुकांचीही भर पडेल. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सने रस्टला प्रवेश दिला, तो ‘सी’ला हटवून नव्हे, तर तिच्या शेजारी जागा देऊन.

माझ्या मते हाच मार्ग शहाणपणाचा आहे. नवे काम, विशेषतः जिथे परक्याचा मजकूर आत येतो तिथले, रस्टमध्ये व्हावे. जुने ‘सी’मध्येच राहून दुरुस्त होत जावे. म्हणून या क्षेत्राकडे वळणाऱ्या मित्रांनी रस्ट जरूर शिकावी. पण जुने लेखन वाचता आणि सांभाळता येईल इतकी ‘सी’ही आत्मसात करावी. ती सांभाळणारी माणसे यापुढेही बराच काळ लागणार आहेत.