मोबाइलवर ४२, थर्मामीटरवर १०४ : डिग्री नेमकी कोणती?

वसमत : भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीची कामे उन्हाळ्यातच रंगात येतात. काढलेली हळद शिजवायची, उन्हात पसरून वाळवायची, पॉलिश करून बाजार समितीत न्यायची. बहुतेक काम उघड्यावरचे. अशा दिवशी मोबाइलवर तापमान दिसते ४२. संध्याकाळी अंग फणफणलेल्या मजुराला लावलेला थर्मामीटर दाखवतो १०४. बोलताना दोन्हीला 'डिग्री'च म्हणतात, पण मापे वेगळी आहेत. हा फरक लक्षात न आल्यास जिवावर बेतू शकते.

दोन मापे का?

डॅनियल फॅरेनहाइट यांनी १७२४ मध्ये आपले माप मांडले. त्यात पाणी ३२ अंशांवर गोठते आणि २१२ अंशांवर उकळते. स्वीडनचे आंद्रेस सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये या दोन टोकांमध्ये सरळ शंभर भाग पाडले. सेल्सिअसमध्ये आज गोठणबिंदू ० आणि उत्कलनबिंदू १०० असतो. भारतात १९५६ च्या वजने-मापे कायद्याने मेट्रिक पद्धत आली. हवामानाचे आकडे आज सेल्सिअसमध्ये मिळतात, ताप मात्र घरोघरी फॅरेनहाइटमध्येच मोजला जातो.

तोंडी हिशेब कसा करायचा?

सेल्सिअसचे फॅरेनहाइट : आकडा दुप्पट करा, आलेल्या उत्तराचा दहावा भाग वजा करा, मग ३२ मिळवा. ४२ चे दुप्पट ८४. त्यातून ८.४ गेले, उरले ७५.६. त्यात ३२ मिळवले की १०७.६.

फॅरेनहाइटचे सेल्सिअस : आधी ३२ वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा आणि त्या निम्म्याचा नववा भाग त्यात मिळवा. १०४ मधून ३२ गेले, उरले ७२. निम्मे ३६, त्याचा नववा भाग ४. उत्तर ४०.

म्हणजे त्या दिवशी बाहेरची हवा १०७.६ फॅरेनहाइट आणि मजुराचे अंग १०४. हवा अंगापेक्षाही गरम! अशा वेळी हवेने शरीर थंड होत नाही, उलट तापते. शरीराची उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पाणी कमी पडले की तोही आटतो.

घोटाळा कुठे होतो?

अनेक डिजिटल थर्मामीटरमध्ये बटणाने माप बदलता येते. चुकून सेल्सिअस लागले आणि ३९.५ दिसले, तर १०० च्या खाली आहे म्हणून ताप नाही, असा समज होतो. प्रत्यक्षात तो १०३.१ फॅरेनहाइट, म्हणजे चांगलाच चढलेला ताप असतो. त्यामुळे आकड्याशेजारी 'सी' आहे की 'एफ', हे आधी पाहावे. डॉक्टरांना फोनवर सांगतानाही माप सांगावे.

हे आकडे जवळ ठेवा

३७ सेल्सिअस = ९८.६ फॅरेनहाइट
३८ सेल्सिअस = १००.४ फॅरेनहाइट
३९ सेल्सिअस = १०२.२ फॅरेनहाइट
४० सेल्सिअस = १०४ फॅरेनहाइट

फरक मोजताना ३२ नको

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. इथे साडेचार हा फरक आहे. तो फॅरेनहाइटमध्ये सांगायचा तर फक्त १.८ ने गुणायचे. उत्तर ८.१. त्यात ३२ मिळवले तर हिशेब चुकतो.

१०४ दिसले तर?

उन्हात काम केलेल्या व्यक्तीचे अंग १०४ फॅरेनहाइट किंवा अधिक तापले असेल आणि ती असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तो उष्माघात समजावा. केवळ तापाची गोळी देऊन थांबू नये. १०८ वर फोन करावा, सावलीत हलवावे, कपडे सैल करून अंगावर पाणी टाकावे, वारा घालावा. बेशुद्ध व्यक्तीला पाणी पाजू नये. थर्मामीटर नसला तरी या लक्षणांवरून उपचार लगेच सुरू करावेत.